स्तनाच्या गाठीची ग्रेड आणि मेथिलेशन: नेमका उपयोग कुठे?

काचपट्टी (धागाकर्ती), रविवार, सकाळी ११:१०

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रोज स्तनाच्या गाठींच्या स्लाइड बघते. हल्ली रुग्णांचे नातेवाईक, आणि अधूनमधून सर्जनही, विचारतात, "मॅडम, गाठीची ग्रेड आता मेथिलेशनवरून, म्हणजे डीएनएवरच्या रासायनिक खुणांवरून, ठरते म्हणे. आपल्याकडे का करत नाहीत?" फोनवर दोन वाक्यांत याचं उत्तर देता येत नाही आणि प्रश्न टोलवावा असाही नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते. लॅबमधली, संशोधनातली आणि या आजारातून गेलेली बरीच मंडळी इथे आहेत, त्यांनी भर घालावी.

ग्रेड म्हणजे कॅन्सरच्या पेशी मायक्रोस्कोपखाली किती बिघडलेल्या दिसतात याचा दर्जा. आज जगभर जी ग्रेड दिली जाते ती नॉटिंगहॅम पद्धतीची. ब्लूम आणि रिचर्डसन यांनी १९५७ मध्ये मांडलेली पद्धत एल्स्टन आणि एलिस यांनी १९९१ मध्ये नीट बांधून दिली, तीच अजून चालते. तीन गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण. पहिली, गाठीतल्या पेशी अजून नळ्या तयार करतात का: ७५ टक्क्यांहून जास्त भागात नळ्या असतील तर १ गुण, १० टक्क्यांहून कमी असतील तर ३. दुसरी, पेशींची केंद्रकं किती बेढब झालीत. तिसरी, दहा हाय पॉवर फील्डमध्ये (मोठ्या भिंगातून एका वेळी दिसणारा भाग म्हणजे एक फील्ड) किती पेशी विभागताना दिसतात. बेरीज ३ ते ५ आली की ग्रेड १, ६ किंवा ७ आली की २, ८ किंवा ९ आली की ३.

ऐकायला हे गणित सरळ आहे, करताना नाही. मायटोसिस, म्हणजे पेशींचं विभागणं, मोजायचं म्हणजे काय ते सांगते. स्लाइडवर केंद्रकाच्या जागी गडद निळा-काळा गोळा दिसतो. त्याच्या कडा केसाळ असतील आणि केंद्रकाभोवतीचा पडदा नाहीसा झालेला असेल, तर ती विभागणारी पेशी. कडा गुळगुळीत असतील आणि भोवतीचं पेशीद्रव गुलाबी होऊन आकसलेलं असेल, तर ती मरणारी पेशी, ती मोजायची नाही. ऊतक वेळेवर फॉर्मॅलिनमध्ये गेलं नसेल तर हा फरकच पुसट होतो. शिवाय फील्डचा व्यास मायक्रोस्कोपगणिक बदलतो, त्याप्रमाणे गुणांच्या मर्यादाही बदलतात. केंद्रकांना २ द्यायचे की ३, यावर तर दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टचं एकमत होईलच असं नाही. आणि एका गुणाने ७ चे ८ होतात.

ग्रेड १ आणि ग्रेड ३ बद्दल ट्यूमर बोर्डात (उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बैठकीत) फारसा वाद होत नाही. अडतं ते २ पाशी, आणि अनेक ठिकाणी सर्वांत जास्त गाठी याच खान्यात पडतात. २००६ मध्ये ब्रुसेल्सच्या सोटिरिऊ यांच्या गटाने ९७ जनुकांच्या हालचालीवरून (कुठलं जनुक किती चालू आहे यावरून) 'जिनोमिक ग्रेड' काढली. त्यात दिसलं की ग्रेड २ म्हटलेल्या बऱ्याच गाठी जनुकांच्या पातळीवर एकतर १ सारख्या वागतात नाहीतर ३ सारख्या. मधली म्हणून जी आपण समजतो ती बऱ्याच अंशी दोन वेगळ्या गटांची सरमिसळ असते. माझ्या मते एपिजेनेटिक खुणांचं (डीएनएची अक्षरं न बदलता जनुकं चालू-बंद करणाऱ्या मेथिलेशनसारख्या खुणांचं) खरं काम इथेच आहे: ग्रेड २ ची फोड करणं. सबंध ग्रेडिंग त्यांच्या हवाली करणं हे त्यांचं काम नाही.

मेथिलेशन म्हणजे डीएनएमधल्या सायटोसिनवर बसलेला छोटासा मेथिल गट. डीएनएची अक्षरं तीच राहतात, पण जनुकाच्या सुरुवातीच्या भागात असे गट दाटले की ते जनुक बहुधा गप्प होतं. पेशीची वाढ आवरणारं जनुक असं गप्प झालं की कॅन्सरला वाट मोकळी. उलट बाजूने, कॅन्सरपेशींच्या डीएनएत एकूण मेथिलेशन घटलेलं असतं, हे फाइनबर्ग आणि वोगेलस्टाइन यांनी १९८३ मध्येच दाखवलं. ठरावीक जागी दाटणं आणि बाकी ठिकाणी विरळ होणं, दोन्ही एकाच पेशीत.

आता मुद्दा असा की यातली प्रत्येक खूण ग्रेड सांगत नाही. आरएएसएसएफ१ए हे जनुक स्तनाच्या कॅन्सरमध्ये फार वेळा मेथिलेटेड सापडतं, पण ते अगदी सुरुवातीला, कॅन्सर दुधाच्या नळीच्या आत असतानाही होतं. म्हणजे 'इथे काहीतरी बिघडलंय' हे ओळखायला ते चांगलं, पण '१ की ३' हे सांगायला कमजोर. 'मेथिलेशन जितकं जास्त तितकी ग्रेड वरची' हेही बरोबर नाही. २०१२ च्या टीसीजीए या कॅन्सरच्या जनुकांवरच्या मोठ्या अमेरिकी प्रकल्पात गाठींचे जनुकांवरून उपप्रकार पाडले होते; सर्वाधिक मेथिलेटेड गटात ल्युमिनल बी प्रकारच्या गाठी जास्त होत्या आणि बेसल-लाइक गाठी, ज्या बहुतेक ग्रेड ३ असतात, त्या सर्वांत कमी मेथिलेटेड गटात. तेव्हा एकच आकडा काढून भागत नाही, अनेक जागांची मिळून नक्षी बघावी लागते.

तूर्तास इतकंच. प्रश्न विचारा.

---

हडपसरची_लेक, रविवार, दुपारी १:३५

डॉक्टर मॅडम, धागा वेळेवर आला. आईचं (वय ६१) ऑपरेशन झालंय. रिपोर्टात 'ग्रेड २' एवढंच लिहिलंय. नात्यातले सगळे म्हणतात, दुसरी स्टेज आहे, काळजी करू नका. काकांनी तर "चार स्टेजमधली दुसरी" असं गावाला कळवूनही टाकलं. एका ओळखीच्यांनी मेथिलेशनची टेस्ट करून घ्या म्हणून सुचवलंय, नमुना बाहेर पाठवावा लागेल आणि खर्च बराच आहे. आई रोज विचारते, केमो लागणार का. काय करावं?

---

काचपट्टी, रविवार, दुपारी २:२०

ताई, आधी घरात हे नीट सांगा: ग्रेड आणि स्टेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रेड म्हणजे पेशी मायक्रोस्कोपखाली कशा दिसतात, किती वेगाने वाढतायत असं वाटतं. ती १ ते ३ असते. स्टेज म्हणजे आजार कुठवर पोचलाय: गाठ किती मोठी, काखेतल्या लसिका गाठींत (लिम्फ नोडमध्ये) शिरलीय का, शरीरात इतरत्र गेलीय का. गाठ लहान असून ग्रेड ३ असू शकते आणि मोठी असून ग्रेड १. गोंधळाला एक कारण आहे, स्टेजचे नियम ठरवणाऱ्या एजेसीसी या अमेरिकी समितीच्या, २०१८ पासून लागू झालेल्या आठव्या आवृत्तीत प्रोग्नॉस्टिक (पुढचा अंदाज सांगणारी) स्टेज काढताना ग्रेड, ईआर, पीआर (हार्मोन पकडणारी प्रथिनं) आणि हर-२ (पेशींची वाढ वाढवणारं प्रथिन) हेही धरतात. म्हणून ग्रेडचा स्टेजवर परिणाम होतो, पण दोन्ही एक नाहीत.

दुसरं, रिपोर्टात नुसतं 'ग्रेड २' असेल तर लॅबला फोन करून तीन सुटे गुण मागा. नळ्यांचे किती, केंद्रकांचे किती, मायटोसिसचे किती. गाठीचा प्रकारही विचारा. हे मागणं तुमचा हक्क आहे, कोणी रागावणार नाही. ते हाती आल्याशिवाय नवीन टेस्टचे पैसे भरू नका.

---

पाषाण_टेकडी, रविवार, रात्री १०:०५

मी मेथिलेशनवरच पीएचडी करतोय, त्यामुळे प्रयोगशाळेच्या बाजूने लिहितो.

मेथिल गट साध्या सिक्वेन्सिंगमध्ये दिसत नाही. म्हणून डीएनएवर सोडियम बायसल्फाइटची प्रक्रिया करतात. ज्या सायटोसिनवर मेथिल नाही त्याचं युरॅसिल होतं आणि वाचताना ते थायमिन म्हणून वाचलं जातं. मेथिल असेल तर सायटोसिन तसंच राहतं. मग दोन्ही वाचनं शेजारी ठेवली की कुठे मेथिल होतं ते कळतं. युक्ती सुंदर आहे, पण बायसल्फाइट डीएनएचे तुकडे तुकडे करतं. पॅराफिन ब्लॉकमधला (मेणात बसवलेल्या ऊतकाच्या तुकड्यातला) डीएनए फॉर्मॅलिनमुळे आधीच तुटलेला असतो. जुन्या ब्लॉकमधून कधी कधी इतकं कमी हाती लागतं की पुढे जाताच येत नाही.

माणसाच्या जीनोममध्ये मेथिलेशन होऊ शकेल अशा सीपीजी जागा (डीएनएत सायटोसिनच्या पुढे ग्वानिन येतं त्या जागा) साधारण २ कोटी ८० लाख. बऱ्याच अभ्यासांत वापरलेली इपिक चिप (अनेक जागा एकदम वाचणारी पट्टी) तिच्या पहिल्या आवृत्तीत त्यातल्या साडेआठ लाखांच्या आसपास वाचायची. पण दवाखान्यात उपयोगी पडायचं तर इतक्या जागा नकोतच, मोजक्या जागांची साधी पीसीआर चाचणी हवी.

सर्वांत मोठी अडचण सांगतो. गाठीच्या कापात फक्त कॅन्सरपेशी नसतात. चरबी असते, रक्तवाहिन्या असतात, लिम्फोसाइट (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) असतात. प्रत्येक प्रकारच्या पेशीची मेथिलेशनची नक्षी स्वतंत्र. ग्रेड ३ च्या गाठींत लिम्फोसाइट अनेकदा जास्त असतात. मग तुम्हाला 'ग्रेडची खूण' सापडली असं वाटतं आणि प्रत्यक्षात तुम्ही लिम्फोसाइट मोजलेले असतात. वयाचाही असाच घोळ: होर्वाथ यांनी २०१३ मध्ये ३५३ सीपीजी जागांवरून माणसाचं वय काढून दाखवलं, म्हणजे वयाबरोबर मेथिलेशन बदलतंच. तरुण रुग्णांत ग्रेड ३ चं प्रमाण जास्त असतं. वय वेगळं काढलं नाही तर निष्कर्ष फसवा.

म्हणून आम्ही काप घेण्याआधी पॅथॉलॉजिस्टकडून स्लाइडवर मार्करने गाठीचा भाग आखून घेतो आणि तेवढाच भाग ब्लेडने खरवडतो. मेथिलेशनच्या चाचणीची पहिली पायरीच पॅथॉलॉजिस्टच्या डोळ्यावर उभी आहे, हे लोकांना सांगायला हवं.

---

मायक्रोटोम, सोमवार, सकाळी ८:१५

हिस्टो टेक्निशियन म्हणून बरीच वर्षं काम करतोय. वर दोघांनीही फॉर्मॅलिनचा उल्लेख केला, त्यावर बोललंच पाहिजे, कारण इथलं नुकसान पुढे कुठलीच टेस्ट भरून काढत नाही.

नियम साधा आहे. गाठ शरीरातून काढल्यापासून तासाभरात १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये गेली पाहिजे, आणि त्यात किमान ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास राहिली पाहिजे. प्रत्यक्षात? शनिवारी संध्याकाळी अख्खा स्तन एका डब्यात कोंबून येतो. फॉर्मॅलिन तळाशी चार बोटं. डब्यावर नाव असतं, किती वाजता काढला ते नसतं. फॉर्मॅलिन ऊतकात फार हळू शिरतं. बाहेरून कडक झालेला नमुना सोमवारी कापला की आत मधोमध लालसर, मऊ, सडायला लागलेला भाग दिसतो, आणि गाठ नेमकी तिथेच असते. त्यातून मायटोसिस काय मोजणार आणि डीएनए काय काढणार?

आमच्याकडे आता नमुना आला की लगेच, कितीही वाजले असोत, मागच्या बाजूला शाई लावून पावाच्या कापांसारखे अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर काप देतो, मध्ये गॉज घालतो आणि भरपूर फॉर्मॅलिनमध्ये सोडतो. एवढं केलं की फरक स्लाइडवर दिसतो. ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरांनी डब्यावर फक्त दोन वेळा लिहाव्यात, काढल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची. त्याला एक रुपयाही लागत नाही.

ज्यांना नवीन चाचण्या आणायच्या आहेत त्यांना कळकळीची विनंती, आधी हे करा.

---

काचपट्टी, सोमवार, सकाळी ८:५०

मायक्रोटोमदादा, तुमचा प्रतिसाद प्रत्येक ऑपरेशन थिएटरच्या दारावर चिकटवावा असा आहे. ईआर, पीआर, हर-२ चे रिपोर्टही याच तासाभरावर अवलंबून असतात. फिक्सेशन (फॉर्मॅलिनमध्ये ऊतक टिकवणं) बिघडल्यामुळे ईआर खोटा निगेटिव्ह आला तर बाईची हार्मोनची (म्हणजे हार्मोनचा परिणाम रोखणारी) गोळी हुकते, आणि ते नुकसान ग्रेड चुकण्यापेक्षा कितीतरी मोठं आहे.

---

औंधचा_आकडेवाला, सोमवार, रात्री ९:३०

माझा डॉक्टरकीशी संबंध नाही, काम आकडेवारीचं आहे. वाचून दोन शंका आल्या.

एक. साडेआठ लाख जागा आणि अभ्यासात शंभर-दोनशे रुग्ण. पाच टक्क्यांची नेहमीची कसोटी लावली तर निव्वळ योगायोगाने साडेबेचाळीस हजार जागा 'महत्त्वाच्या' दिसतील. सुधारणा करून गाळणी लावतात हे माहीत आहे, तरी वेगळ्या रुग्णालयातल्या, वेगळ्या रुग्णांवर तोच आकडा पुन्हा आला का, हे तपासल्याशिवाय अशा यादीवर विश्वास कसा ठेवायचा?

दोन. मॉडेलला शिकवताना 'बरोबर उत्तर' म्हणून पॅथॉलॉजिस्टने दिलेली ग्रेडच वापरत असतील, तर ज्या मतभेदावर उपाय म्हणून हे आणतोय तोच मतभेद मॉडेलमध्ये उतरणार. मग मिळवलं काय?

---

पाषाण_टेकडी, सोमवार, रात्री १०:४०

दुसरी शंका या सगळ्या विषयाचा गाभा आहे. योग्य रस्ता असा की फक्त ग्रेड १ आणि ग्रेड ३ वर शिकवायचं, जिथे एकमत जास्त असतं, आणि मग ग्रेड २ वर लावून त्या रुग्णांचं पुढे प्रत्यक्षात काय झालं ते बघायचं. सोटिरिऊंच्या गटाने जनुकांबाबत हेच केलं होतं. कसोटी ग्रेडशी जुळण्याची ठेवायची नाही, आजार परत आला का याची ठेवायची.

पण इथे वेळ आडवा येतो. ईआर पॉझिटिव्ह गाठी पाच वर्षांनंतरही, अगदी वीस वर्षांपर्यंत उलटू शकतात. तीन वर्षांचा पाठपुरावा असलेला अभ्यास अशा गाठींबद्दल फार कमी सांगतो. पुण्यात तर रुग्ण सोलापूर, अहिल्यानगर, लातूरहून येतात, उपचार संपले की गावी जातात, फोन नंबर बदलतात. दहा वर्षांनी 'काकू कशा आहात' असं विचारायला कोणीतरी असणं, हे सिक्वेन्सिंग मशीनइतकंच महत्त्वाचं आहे. त्या कामाला निधी मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पहिल्या शंकेबद्दल: पूर्ण सहमत. परदेशातल्या रुग्णांवर बेतलेली यादी इथल्या रुग्णांवर तपासूनच घ्यायला हवी. आपल्याकडे स्तनाचा कॅन्सर सरासरीने लवकरच्या वयात होतो आणि ट्रिपल निगेटिव्हचं (ईआर, पीआर, हर-२ तिन्ही नसलेल्या गाठींचं) प्रमाण जास्त आहे, म्हणजे वय आणि प्रकार दोन्ही बदलतात.

---

डे_केअर_खुर्ची_४, मंगळवार, सकाळी ७:२०

मी मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट आहे. आयडी आमच्या डे केअरमधल्या त्या खुर्चीवरून घेतला जिथे बसून बहुतेक जणी पहिला प्रश्न विचारतात: "मला हे खरंच लागणार होतं का?" ग्रेड २, ईआर पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह, काख स्वच्छ. या बाईला केमो द्यायची की नाही, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

त्या प्रश्नावर आज ज्याच्या पाठीशी मोठ्या चाचणीचा पुरावा आहे ते जनुकांच्या हालचालीवरचे स्कोअर आहेत, मेथिलेशन नाही. २१ जनुकांच्या स्कोअरवरचा टेलरएक्स अभ्यास २०१८ मध्ये आला. स्कोअर ११ ते २५ असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या बायकांना हार्मोनच्या गोळीवर केमोची भर घालून फायदा दिसला नाही. पन्नाशीच्या आतल्यांत १६ च्या पुढे थोडा फायदा दिसला. ही टेस्ट महाग आहे आणि बहुतेकींना परवडत नाही. बंगळुरूत तयार झालेली कॅनअसिस्ट ही चाचणी पाच प्रथिनं इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने (अँटिबॉडी वापरून स्लाइडवर डाग उठवून) मोजते आणि त्यात गाठीचा आकार, काखेची स्थिती आणि ग्रेड मिळवते. लक्षात घ्या, तिथेही ग्रेड लागतेच. पॅथॉलॉजिस्टने दिलेली ग्रेड चुकली तर तो स्कोअरही घसरतो.

मेथिलेशनची खूण उपचाराशी जोडली की किती कामाची होते हे मेंदूच्या गाठींत दिसलंय. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या आक्रमक गाठीत एमजीएमटी जनुक मेथिलेटेड असेल तर टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाचा फायदा जास्त होतो, हे २००५ पासून माहीत आहे. २०१८ मध्ये हायडलबर्गच्या गटाने मेंदूच्या गाठींचं मेथिलेशनवर आधारलेलं वर्गीकरण मांडलं आणि डब्ल्यूएचओच्या मेंदूच्या गाठींच्या वर्गीकरणाच्या २०२१ च्या आवृत्तीत त्याला जागा मिळाली. स्तनात तसं अजून झालेलं नाही. युरोपात पीआयटीएक्स२ च्या मेथिलेशनवर एक चाचणी आली, पण ती अँथ्रासायक्लिन या केमोच्या औषधांना प्रतिसाद किती मिळेल यासाठी, ग्रेडसाठी नाही.

ट्रिपल निगेटिव्हमध्ये काही वेळा बीआरसीए१ जनुक म्युटेशनने नाही तर मेथिलेशनने गप्प झालेलं सापडतं. तिथे मात्र ग्रेडचा प्रश्न क्वचितच असतो, बहुतेक गाठी ३ च असतात. थोडक्यात, खुणा भरपूर आहेत, पण प्रत्येकीचं काम वेगळं आहे. लॅबच्या जाहिरातीत त्या एका दोरीत ओवलेल्या असतात तेव्हा मला राग येतो.

---

वारजे_काकू, मंगळवार, दुपारी ४:००

मी या आजारातून गेले आहे, आता बरी आहे. सगळं कळलं नाही, पण वाचलं मन लावून. एक विचारते. आमच्या सोसायटीत आरोग्य शिबिर झालं. तिथे एका बाईंनी सांगितलं की एपिजेनेटिक्समुळे आपण आहाराने जनुकं बंद-चालू करू शकतो, त्यांची पावडर सहा महिने घेतली की गाठीची ग्रेड उतरते. माझ्या ओळखीतल्या एकीची बायोप्सी झाली आहे आणि ती ऑपरेशन पुढे ढकलून ती पावडर घ्यायच्या विचारात आहे. हे खरं असतं का?

---

काचपट्टी, मंगळवार, दुपारी ४:२५

काकू, नाही. त्या ताईंना आजच फोन करा.

आहाराचा मेथिलेशनशी संबंध आहे का, यावर संशोधन होतं, ते ठीक. पण कुठलीही पावडर, रस किंवा काढा घेऊन तयार झालेल्या गाठीची ग्रेड उतरते असं कुठेही सिद्ध झालेलं नाही. मेथिलेशनवर खरोखर काम करणारी औषधं आहेत, ॲझासिटिडिन आणि डेसिटाबिन. ती रक्ताच्या काही आजारांत वापरतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्तपेशी मोजत मोजत. स्तनाच्या कॅन्सरच्या नेहमीच्या उपचारात तीसुद्धा नाहीत. सहा महिन्यांत गाठ काखेत जाऊ शकते. त्या ताईंना एकटं वाटत असेल, भीती वाटत असेल, तर तुम्ही सोबत जा. तुमच्यासारखी बरी झालेली बाई शेजारी बसली की जो धीर येतो तो आमच्या सांगण्याने येत नाही.

---

वारजे_काकू, मंगळवार, संध्याकाळी ६:१०

बोलले. गुरुवारी सर्जनकडे जाणार आहोत, मी आहे बरोबर. पैशांचं बघताना महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशीही तिथेच करू.

---

मायक्रोटोम, मंगळवार, रात्री ८:३०

काकू, शाब्बास.

संशोधक मंडळींना एक प्रश्न. डीएनएचं झालं, पण हिस्टोनच्या खुणा? त्या तर आम्ही रोज करतो त्या इम्युनोहिस्टोनेच दिसतात ना? म्हणजे वेगळं मशीन लागणार नाही.

---

पाषाण_टेकडी, मंगळवार, रात्री ९:५५

दादा, मला वाटतं आपल्यासारख्या शहरासाठी हा रस्ता जास्त जवळचा आहे. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो ते हिस्टोन, आणि त्यांच्यावरही ॲसिटिल, मेथिल अशा खुणा असतात. २००९ मध्ये नॉटिंगहॅमच्याच गटाने, म्हणजे ग्रेडिंगच्या माहेरीच, स्तनाच्या शेकडो गाठींवर अशा खुणा इम्युनोहिस्टोने तपासल्या. चांगल्या लक्षणांच्या ल्युमिनल गाठींत त्या ठळक होत्या, वाईट गाठींत फिकट. एच४के१६ या हिस्टोनवरच्या ठरावीक जागेवरचं ॲसिटिलेशन तर बहुसंख्य गाठींत कमी किंवा नाहीसंच होतं.

ईझेडएच२ हे एन्झाइमही तसंच. वरच्या ग्रेडच्या गाठींत ते जास्त सापडतं, हे २००३ पासून दिसत आलंय. त्याचं काम एच३के२७ या हिस्टोनवरच्या दुसऱ्या जागेवर तीन मेथिल गट बसवणं. मग आक्रमक गाठींत ती खूणही जास्त असायला हवी, पण काही अभ्यासांत ती उलट कमी सापडली. एन्झाइम जास्त, खूण कमी. यावरून कळतं की एका अँटिबॉडीचा डाग बघून ग्रेड सांगणं किती धोक्याचं आहे. किती टक्के पेशी विभागण्याच्या तयारीत आहेत ते दाखवणाऱ्या केआय-६७ या डागाचं उदाहरण समोर आहेच: ५ टक्के किंवा कमी, ३० टक्के किंवा जास्त, इथे भरवसा ठेवता येतो. मधल्या पट्ट्यात एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबशी जुळत नाही, आणि ग्रेड २ च्या गाठी नेमक्या त्या मधल्या पट्ट्यात.

इथे एक सांगतो. पुण्यात आयसर ही विज्ञान संस्था आणि प्रशांती कॅन्सर केअर मिशन यांचं कॅन्सर संशोधनाचं संयुक्त केंद्र आहे आणि गणेशखिंडीत एनसीसीएस ही पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे. रुग्णांच्या ऊतकांवरचं काम इथेही होऊ शकतं आणि होतं. त्यासाठी ब्लॉक लागतात आणि रुग्णाची संमती लागते. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संमती लेखी, समजेल अशा भाषेत हवी, आणि दिलेली संमती नंतर मागेही घेता येते, त्याने उपचारांवर काहीही परिणाम होत नाही. संमतीपत्र मराठीत नसेल तर मराठीत मागा.

---

हडपसरची_लेक, बुधवार, दुपारी १२:४५

मॅडम, लॅबला फोन केला. त्यांनी लगेच सांगितलं. प्रकार 'इन्व्हेजिव्ह लोब्युलर'. नळ्या ३, केंद्रकं २, मायटोसिस १. बेरीज ६. ईआर ९० टक्के, पीआर ७० टक्के, हर-२ एक प्लस. काखेतल्या दोन सेंटिनेल गाठी (कॅन्सर आधी जिथे पोचतो त्या लसिका गाठी) तपासल्या, दोन्ही स्वच्छ. म्हणजे मधली ग्रेडच ना? मेथिलेशन करून फोड होईल का?

---

काचपट्टी, बुधवार, दुपारी २:०५

ताई, हे तीन आकडे मागितलेत म्हणून चित्र किती वेगळं दिसतंय बघा.

लोब्युलर प्रकारात पेशी एकमेकींना धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन गमावतात आणि एकामागे एक रांगेत पसरतात. त्या नळ्या करतच नाहीत. म्हणून पहिल्या सदरात ३ गुण जवळजवळ ठरलेलेच. केंद्रकं मध्यम, मायटोसिस कमी, बेरीज ६. नेहमीच्या लोब्युलर गाठी याच कारणाने ग्रेड २ मध्ये येतात. तुमच्या आईच्या गाठीत मायटोसिसला १ गुण आहे, म्हणजे पेशी सावकाश विभागतायत. २+२+३ असे ७ गुण असलेली गाठ आणि ही गाठ, दोन्हींना रिपोर्टात 'ग्रेड २' म्हणतात, पण दोन्ही एक नाहीत. म्हणूनच मी सुट्या गुणांसाठी इतकी अडून बसते.

मेथिलेशनच्या टेस्टवर आत्ता पैसे घालू नका. तिच्या उत्तराने आईचा उपचार बदलेल असं आज कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. हर-२ एक प्लस म्हणजे निगेटिव्हच धरतात, त्यासाठी फिश टेस्टही (हर-२ जनुकाच्या प्रती मोजणारी) लागत नाही. गाठीचा आकार तुम्ही लिहिला नाहीत, तो रिपोर्टात बघून ठेवा.

---

डे_केअर_खुर्ची_४, बुधवार, रात्री ९:१५

काचपट्टी यांच्याशी सहमत. ताई, आईंना तपासलेलं नसताना इथे उपचार सांगणार नाही. पण तुमच्या ऑन्कोलॉजिस्टना दोन गोष्टी नक्की विचारा: हार्मोनच्या गोळीवर केमोची भर घालून आईंना किती टक्के जास्त फायदा होईल, आणि जनुकांच्या स्कोअरने तो निर्णय बदलणार आहे का. उत्तर 'बदलणार नाही' असेल तर तोही खर्च वाचला. हार्मोनची गोळी मात्र वर्षानुवर्षं घ्यावी लागते आणि मध्येच सोडणाऱ्या खूप जणी असतात, त्याची तयारी आत्तापासून करा. सांधेदुखी झाली तर गोळी बंद न करता येऊन सांगा, गोळी बदलता येते.

---

हडपसरची_लेक, गुरुवार, सकाळी ७:५०

आकार १.८ सेंटिमीटर. शनिवारी अपॉइंटमेंट आहे, हे प्रश्न वहीत लिहून घेतलेत. काकांना स्टेज आणि ग्रेडचा फरक मी सांगितला, आईला त्यांनीच परत समजावून सांगितला. दुसरं मत घ्यायला मुंबईला परळला जायचं झालं तर काय न्यायचं? आणि आईची एक इच्छा आहे, तिची गाठ संशोधनाला द्यायची. ब्लॉक दिला तर पुढे आपल्याला लागला तर?

---

मायक्रोटोम, गुरुवार, सकाळी ८:२०

ताई, मुंबईला स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक दोन्ही न्या, सोबत रिपोर्टची मूळ प्रत आणि इम्युनोहिस्टोच्या स्लाइडही. लॅबमध्ये अर्ज द्यावा लागतो, आदल्या दिवशी सांगितलं तर काढून ठेवतात. ब्लॉक नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळतोय का हे काउंटरवरच बघा, पावती घ्या आणि काम झालं की परत जमा करा. मेण आहे, उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

संशोधनाचं म्हणाल तर सहसा सगळे ब्लॉक देत नाहीत. गाठीचे तीन-चार ब्लॉक असतात, त्यातला गाठ चांगली असलेला किमान एक निदानासाठी लॅबकडे राखून ठेवायला सांगा आणि संमतीपत्रात तसं लिहून घ्या. आईंना माझा नमस्कार सांगा.